‘पॅलेस्टिनी’ नेमके कोणाला म्हणावे?

सांगलीची शिक्षिका (विश्रामबाग, सांगली) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी सांगलीतील एका माध्यमिक शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. आमच्या शाळेच्या वार्षिकांकासाठी दहावीतील एका विद्यार्थिनीने पश्चिम आशियातील संघर्षावर लेख दिला आहे. लेखामागची मेहनत दिसते, परंतु ‘पॅलेस्टिनी’ हा शब्द तिने इतक्या निरनिराळ्या ठिकाणी वापरला आहे की संपादक मंडळात त्यावरून वाद झाला. एके ठिकाणी तिने ‘१९३६ साली ज्यू संगीतकारांनी पॅलेस्टिनी वाद्यवृंद स्थापन केला’ असे लिहिले आहे, तर पुढच्याच परिच्छेदात ‘पॅलेस्टिनी आणि ज्यू यांच्यातील दंगली’ असा उल्लेख आहे. नंतर ‘जॉर्डनचे नागरिक असलेले पॅलेस्टिनी’ येतात आणि शेवटी ‘इस्रायलच्या संसदेतील पॅलेस्टिनी सदस्य’ही येतात.

आमच्या एका सहकाऱ्यांनी सगळीकडे ‘पॅलेस्टाईनमधील मुसलमान’ असा बदल सुचवला. दुसऱ्यांचे म्हणणे असे की त्या नावाचा देशच नसल्यामुळे सरळ ‘अरब’ म्हणावे आणि मोकळे व्हावे. मला दोन्ही सूचना पटत नाहीत, पण का पटत नाहीत हे मुद्देसूद सांगता आले नाही. हा शब्द धर्म सांगतो, नागरिकत्व सांगतो, की वंश? शिवाय मराठीत पॅलेस्टिनी, पॅलेस्टिनियन आणि पॅलेस्टाईनी ही तिन्ही रूपे दिसतात. त्यांतले कोणते घ्यावे? कोणाची बाजू योग्य हा वाद येथे नको आहे, शब्दाचा नेमका वापर कळला तर पुरे.

वाईचा मुद्रितशोधक

बाई, नमस्कार. माझी बरीच वर्षे वाईत कोशांची आणि पाठ्यपुस्तकांची मुद्रिते तपासण्यात गेली. त्या कामात एक सवय लागते. लोकसमूहाचे नाव समोर आले की ते कोणत्या सालातले आहे, हे आधी पाहायचे. आपल्या विद्यार्थिनीची चारही वाक्ये आपापल्या काळात उभी राहू शकतात. लेखात काळ बदलतो आणि शब्द मात्र तोच राहतो, म्हणून वाचक गोंधळतो.

प्रदेशाचे नाव फार जुने आहे. इजिप्तचा राजा तिसरा रामसेस याच्या इ. स. पू. बाराव्या शतकातील शिलालेखांत ‘पेलेसेत’ नावाच्या लोकांचा उल्लेख येतो. इ. स. पू. पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सीरियाच्या किनारी भागाला याच मुळातले नाव देतो. १३५ साली बार कोखबाच्या नेतृत्वाखालचे ज्यूंचे बंड रोमनांनी मोडले आणि सम्राट हेड्रियनच्या काळात ‘ज्यूडिया’ प्रांताचे नाव ‘सीरिया पॅलेस्टिना’ झाले. सातव्या शतकातील अरब विजयानंतर तेथील एका लष्करी जिल्ह्याला ‘जुंद फिलस्तीन’ म्हणू लागले आणि पुढे रामला हे त्याचे मुख्य ठिकाण झाले. अरबीत ‘प’ हा उच्चार नसल्यामुळे ‘फ’ आला, एवढेच. या दीर्घ काळात हे नाव मुख्यतः भूमीचे होते. त्या भूमीवरचा माणूस स्वतःची ओळख गाव, घराणे आणि धर्म यांवरून सांगत असे.

ऑटोमन तुर्कांच्या चारशे वर्षांत ‘पॅलेस्टाईन’ नावाचा एकसंध प्रांतही नव्हता. १८७२ पासून जेरुसलेमचा जिल्हा थेट इस्तंबूलच्या अखत्यारीत होता, तर उत्तरेकडील नाबलुस आणि अक्का हे जिल्हे १८८८ नंतर बैरूत प्रांतात मोडत. तरीही भूमीचे नाव लोकांच्या बोलण्यात टिकून होते. १९११ साली याफा शहरात ईसा अल-ईसा आणि त्यांचे नातलग यूसुफ अल-ईसा यांनी ‘फलस्तीन’ याच नावाचे वृत्तपत्र काढले. हे दोघेही ख्रिस्ती होते. ‘पॅलेस्टाईनमधील मुसलमान’ ही आपल्या सहकाऱ्यांची दुरुस्ती का चालणार नाही, याचे उत्तर येथेच मिळावे.

कायद्याच्या भाषेत हा शब्द आला तो ब्रिटिशांच्या काळात. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने हा प्रदेश ब्रिटनच्या ताब्यात कारभारासाठी दिला; त्यालाच आपण मँडेट म्हणतो. १९२२ च्या खानेसुमारीत तेथे सुमारे साडेसात लाख लोक होते. त्यांत ज्यू सुमारे ८४ हजार आणि ख्रिस्ती सत्तर हजारांहून अधिक होते, बाकीचे बहुतेक मुसलमान होते. १९२५ च्या नागरिकत्व आदेशाने तेथे राहणाऱ्या पूर्वीच्या ऑटोमन प्रजाजनांना ‘पॅलेस्टाईनचे नागरिक’ ठरवले आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या ज्यूंनाही अर्ज करून तेच नागरिकत्व घेता येत असे. म्हणजे १९२५ ते १९४८ या काळात हैफातील मुसलमान व्यापारी, बेथलेहेममधील ख्रिस्ती कारागीर आणि तेल अवीवमधील ज्यू डॉक्टर हे तिघेही कागदोपत्री एकाच नागरिकत्वाचे होते.

१९४८ साली ब्रिटिश गेले आणि इस्रायल हे राज्य स्थापन झाले; त्यानंतर हा कागदोपत्री अर्थ संपला. ज्यू नागरिक इस्रायली झाले आणि ‘पॅलेस्टिनी’ ही ओळख त्या भूमीतल्या अरबांकडे, मुसलमान आणि ख्रिस्ती दोघांकडेही, राहिली. आज तो एका राष्ट्रसमूहाचे नाव म्हणून वापरला जातो, मग त्या समूहातील व्यक्तीच्या खिशात कोणत्याही देशाचे पारपत्र असो किंवा कोणत्याच देशाचे नसो.

मिरजेचा वाचक

वाईच्या काकांनी प्राचीन काळाचा उल्लेख केला, म्हणून एक गोष्ट जोडतो. मिरजेत आम्ही लहानपणापासून चर्चमध्ये मराठी बायबल ऐकत आलो आहोत. त्यात गल्याथ ज्यांचा वीर होता त्या लोकांना ‘पलिष्टी’ म्हटले आहे आणि गाझा, अश्कलोन, अश्दोद, एक्रोन व गथ ही त्यांची पाच नगरे सांगितली आहेत. टीव्हीवर गाझाची बातमी लागली की आमच्यातील काही ज्येष्ठ मंडळी सहज म्हणतात, ‘हे तेच पलिष्टी.’ नावांची व्युत्पत्ती जुळते हे खरे आहे, पण तेच लोक म्हणणे बरोबर नाही. पलिष्टी हा समुदाय बॅबिलोनी स्वाऱ्यांनंतर, म्हणजे इ. स. पू. सातव्या-सहाव्या शतकानंतर, वेगळा समाज म्हणून इतिहासातून नाहीसा झाला. आजच्या पॅलेस्टिनींची भाषा अरबी आहे आणि त्यांच्या पूर्वजांत त्या भूमीवर शतकानुशतके राहिलेले आणि बाहेरून आलेले असे अनेक समाज मिसळलेले आहेत. आधुनिक हिब्रूतही हा फरक पाळला जातो: बायबलमधल्या लोकांना ‘प्लिश्तीम’ आणि आजच्या लोकांना ‘फलस्तीनीम’ म्हणतात. आपल्याकडे ‘पलिष्टी’ आणि ‘पॅलेस्टिनी’ असे दोन स्वतंत्र शब्द आयतेच आहेत, तेव्हा ते एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

दुसरे असे की पॅलेस्टिनी ख्रिस्ती ही इतिहासजमा झालेली गोष्ट नाही. बेथलेहेम, बेत जाला, बेत साहूर आणि रामल्ला येथे त्यांची जुनी वस्ती आहे आणि गाझा शहरातही संत पोर्फिरियसच्या नावाचे प्राचीन चर्च आहे. त्यांची संख्या घटली आहे, त्याचे एक कारण स्थलांतर. दक्षिण अमेरिकेतील चिली या देशात अरब जगाबाहेरचा सर्वांत मोठा पॅलेस्टिनी समाज आहे आणि त्यातील बहुसंख्य घराणी बेथलेहेम-बेत जाला भागातली ख्रिस्ती आहेत. ते लोक ऑटोमन काळातील कागदपत्रांवर तेथे पोहोचले म्हणून स्थानिक लोक त्यांना ‘तुर्की’ म्हणत. सांतियागोमध्ये त्यांनी काढलेला ‘पालेस्तिनो’ हा फुटबॉल क्लब १९२० पासून आहे. ज्यांना शेजारी तुर्की म्हणत होते, त्यांनी स्वतःच्या क्लबाला कोणते नाव दिले, हे पाहण्यासारखे आहे.

कराडचा नाणेसंग्राहक

वाईच्या सरांनी सांगितलेला ब्रिटिशकालीन अर्थ ज्यांना पटत नसेल त्यांनी त्या काळची नाणी पाहावीत. सातारा जिल्ह्यातील कित्येक घरांतून माणसे दुसऱ्या महायुद्धात मध्यपूर्वेत गेली होती आणि परत येताना कोणी ना कोणी तिकडची चिल्लर घेऊन आले. माझ्या संग्रहातील मधोमध भोक असलेले दहा ‘मिल’चे नाणे असेच एका फौजी कुटुंबाकडून आले. पॅलेस्टाईनचा स्वतंत्र पौंड १९२७ साली चलनात आला आणि त्याचे एक हजार मिल होत. नाण्यावर देशाचे नाव इंग्रजी, अरबी आणि हिब्रू अशा तीन लिप्यांत आहे. गंमत हिब्रू मजकुरात आहे. तेथे ‘पॅलेस्टिना’ या नावापुढे कंसात दोन छोटी अक्षरे आहेत. ती ‘एरेत्झ इस्रायल’, म्हणजे इस्रायलची भूमी, या शब्दांची आद्याक्षरे होत. टपाल तिकिटांवरही ती होती आणि अरब नेत्यांनी त्यांना आक्षेप घेतला होता. देशाच्या नावावरचा वाद १९४८ च्या कितीतरी आधी दोन अक्षरांच्या कंसात छापला गेला होता, असे म्हणता येईल.

बाईंच्या विद्यार्थिनीने लिहिलेला वाद्यवृंदही याच काळातला आहे. ब्रोनिस्लाव हुबरमान या व्हायोलिनवादकाने तो उभा केला आणि डिसेंबर १९३६ मध्ये तेल अवीव येथे आर्तुरो तोस्कानिनी यांच्या संचालनाखाली त्याचा पहिला कार्यक्रम झाला. तो पुढे इस्रायल फिलहार्मोनिक झाला. १९३२ साली जेरुसलेममध्ये निघालेले ‘पॅलेस्टाईन पोस्ट’ हे ज्यूंनी चालवलेले इंग्रजी दैनिक १९५० मध्ये ‘जेरुसलेम पोस्ट’ झाले, हेही तसेच उदाहरण.

तासगावहून

मला एक शंका मांडायची आहे. इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेयर यांनी १९६९ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत पॅलेस्टिनी नावाचे वेगळे लोक नव्हतेच, अशा आशयाचे विधान केले होते. ते राजकीय म्हणून बाजूला ठेवू. पण १९१९ मध्ये जेरुसलेमला भरलेल्या पॅलेस्टाईनमधील अरबांच्या पहिल्या परिषदेनेच आपला प्रदेश अरब सीरियाचा भाग असल्याचे म्हटले होते, हेही मी वाचले आहे. मग ही वेगळी राष्ट्रीय ओळख बरीच नंतरची आणि इस्रायलला प्रत्युत्तर म्हणून तयार झालेली आहे, असे म्हणणाऱ्यांचे काय चुकले? असे असेल तर १९४८ पूर्वीच्या लोकांना ‘अरब’ म्हणणे अधिक प्रामाणिक नाही का?

वाईचा मुद्रितशोधक

तासगावच्या मित्रांची शंका रास्त आहे. त्यांनी दिलेली १९१९ ची गोष्ट खरी आहे, पण ती अर्धी आहे. त्या वेळी दमास्कसमध्ये फैसल यांच्या नेतृत्वाखाली अरब राज्य उभे राहत होते आणि त्याच्याशी जोडले गेलो तर युरोपीय ताबा टळेल, असा त्या परिषदेतील अनेकांचा हिशेब होता. जुलै १९२० मध्ये फ्रेंचांनी फैसल यांची सत्ता उलथली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हैफा येथे भरलेल्या परिषदेने सीरियाशी एकीकरणाची मागणी बाजूला ठेवून पॅलेस्टाईनसाठी स्वतंत्र राष्ट्रीय सरकार मागितले. म्हणजे वेगळ्या राजकीय ओळखीची उघड मागणी १९२० ची आहे, १९६० नंतरची नाही. ती घडण्यात झायनवादी (तेथे ज्यूंचे राष्ट्र उभारू पाहणाऱ्या चळवळीच्या) वसाहतींना असलेल्या विरोधाचा वाटा मोठा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परक्या सत्तेशी किंवा शेजाऱ्याशी झगडताना ‘आपण कोण’ याचा निर्णय होणे ही विसाव्या शतकातील अनेक राष्ट्रांची कथा आहे आणि त्यामुळे ती ओळख खोटी ठरत नाही.

१९४८ पूर्वीच्या संदर्भात ‘पॅलेस्टाईनमधील अरब’ किंवा ‘पॅलेस्टिनी अरब’ असे लिहावे, ही आपली सूचना मात्र मला मान्य आहे. त्या काळी नागरिकत्व ज्यूंनाही होते, म्हणून ‘अरब’ हे विशेषण तेथे आवश्यक ठरते. नुसते ‘अरब’ म्हटले तर माणूस कैरोचा की बगदादचा, हे कळायला मार्ग उरत नाही.

एखाद्या समूहाचे नाव न घेता त्याच्याविषयी लिहिले की काय होते, याचे नमुने सरकारी कागदांतच आहेत. ब्रिटिश सरकारच्या २ नोव्हेंबर १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्यात ज्यू लोकांसाठी ‘राष्ट्रीय घर’ असे शब्द आहेत, आणि तेव्हा तेथे बहुसंख्य असलेल्या लोकांचा उल्लेख ‘विद्यमान बिगर-ज्यू समाज’ एवढाच आहे. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने केलेल्या २४२ क्रमांकाच्या ठरावात ‘निर्वासितांचा प्रश्न’ आहे, पण ते निर्वासित कोण, हे नावाने सांगितलेले नाही. डिसेंबर १९६९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ‘पॅलेस्टाईनच्या लोकांचे’ अविच्छेद्य हक्क असा शब्दप्रयोग केला. मेयर यांची मुलाखत त्याच वर्षी जूनमधील आहे. एका बाजूला नाव नाकारले जात होते आणि दुसऱ्या बाजूला ते ठरावांच्या भाषेत प्रवेश करत होते.

‘देशच नाही’ या मुद्द्याबद्दल थोडक्यात सांगतो. १५ नोव्हेंबर १९८८ रोजी अल्जिअर्स येथे पॅलेस्टाईनच्या स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि त्याच महिन्यात भारताने त्या राज्याला मान्यता दिली. त्याआधी १९७४ मध्ये पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला पॅलेस्टिनी लोकांची एकमेव वैध प्रतिनिधी म्हणून मान्यता देणारा भारत हा पहिला बिगर-अरब देश होता. २९ नोव्हेंबर २०१२ रोजी आमसभेने १३८ विरुद्ध ९ मतांनी पॅलेस्टाईनला सदस्येतर निरीक्षक राज्याचा दर्जा दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटन, फ्रान्स, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांनीही मान्यता दिली. पूर्ण सार्वभौम सत्ता चालणारे राज्य तेथे नाही, हे आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे. त्यावरून लोकांचे नाव मात्र रद्द होत नाही. कुर्द लोकांचे राज्य नाही म्हणून आपण त्यांना इराकी किंवा तुर्की म्हणून मोकळे होत नाही.

कोयनाकाठ (पाटण)

येथे एक गोष्ट सुटते आहे, असे मला वाटते. ‘पॅलेस्टिनी’ आणि ‘पॅलेस्टिनी निर्वासित’ हे बातम्यांत एकच असल्यासारखे येतात, पण दुसरा शब्द हा एका विशिष्ट नोंदीचा आहे.

आमच्या भागात कोयना धरणाखाली गावे गेली आणि प्रकल्पग्रस्ताचा दाखला हा काय प्रकार असतो, हे घराघरात माहीत आहे. आजोबांची जमीन गेली, दाखला वडिलांकडे आला आणि आज नातू नोकरीच्या अर्जाला तो जोडतो, जरी बुडालेले गाव त्याने पाहिलेले नाही. १९४९ च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या ‘उन्रवा’ या संस्थेची नोंद बरीचशी या दाखल्यासारखी आहे. १ जून १९४६ ते १५ मे १९४८ या काळात ज्यांचे नेहमीचे वास्तव्य पॅलेस्टाईनमध्ये होते आणि १९४८ च्या संघर्षामुळे ज्यांचे घर आणि उपजीविकेचे साधन दोन्ही गेले, ते या व्याख्येत बसतात. पुरुषांच्या वंशजांनाही नोंद मिळते. व्याख्येत धर्माचा उल्लेख नाही. सात लाखांच्या आसपास माणसे १९४८ मध्ये घराबाहेर पडली किंवा काढली गेली. त्या घटनेला अरबीत ‘नकबा’, म्हणजे महाआपत्ती, म्हणतात. आज नोंदलेल्यांची संख्या ५९ लाखांच्या आसपास आहे. ही संस्था जॉर्डन, लेबनॉन, सीरिया, पश्चिम किनारा (जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा प्रदेश) आणि गाझा एवढ्याच ठिकाणी काम करते.

त्यामुळे इस्रायलमधील नाझरेथचा माणूस पॅलेस्टिनी आहे, पण या नोंदीतला निर्वासित नाही. बेथलेहेमचे मूळ रहिवासी घराणे पॅलेस्टिनी आहे, पण निर्वासित नाही. त्याच बेथलेहेमला लागून असलेल्या धैशे छावणीतले घराणे मात्र दोन्ही आहे. चिलीतला फुटबॉल क्लबवाला पॅलेस्टिनी वंशाचा आहे आणि निर्वासित तर मुळीच नाही, कारण त्याचे आजोबा १९४८ च्या किती तरी आधी गेले होते.

नागरिकत्वाचेही तसेच आहे. जॉर्डनने १९५० मध्ये पश्चिम किनारा आपल्या राज्याला जोडला आणि तेथील लोकांना नागरिकत्व दिले, म्हणून जॉर्डनचे पारपत्र असलेले पॅलेस्टिनी पुष्कळ आहेत. लेबनॉनने बहुसंख्य पॅलेस्टिनींना नागरिकत्व दिले नाही आणि कित्येक व्यवसायांची दारेही बंद ठेवली. पूर्व जेरुसलेममधील बहुतेक पॅलेस्टिनींकडे इस्रायलचा कायम रहिवासाचा परवाना आहे, नागरिकत्व नाही. गाझा आणि पश्चिम किनाऱ्यावर १९९५ पासून पॅलेस्टिनी प्राधिकरणाचे, म्हणजे तेथील मर्यादित स्वशासनाचे, पारपत्र मिळते. एका भावाकडे अम्मानचे पारपत्र, दुसऱ्याकडे जेरुसलेमचा परवाना आणि चुलत भाऊ लेबनॉनमधील सैदाच्या छावणीत विनानागरिकत्व, असे एका घराचे चित्र तेथे अपवादात्मक नाही. या तिघांना जोडणारा जो शब्द आहे तोच ‘पॅलेस्टिनी’ आहे, आणि तो कोणत्याही एका कार्यालयात मिळत नाही.

मिरजेचा वाचक

कोयनाकाठच्या मित्रांचे उदाहरण बोलके आहे, पण एका ठिकाणी ते तुटते. प्रकल्पग्रस्ताचा दाखला देणारे राज्य त्याला आपलाच नागरिक मानते. पॅलेस्टिनींच्या बाबतीत वादाचा मुख्य विषयच तो आहे.

सांगलीची शिक्षिका

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. संपादक मंडळापुढे आता मुद्दे मांडता येतील. तरी दोन अडचणी राहिल्या. इस्रायलच्या संसदेतील सदस्यांना ‘पॅलेस्टिनी’ म्हणावे की ‘इस्रायली अरब’? आणि लेखात एक वाक्य असे आहे: ‘७ ऑक्टोबर २०२३ रोजी पॅलेस्टिनींनी इस्रायलवर हल्ला केला.’ हे असेच ठेवावे का? शब्दाच्या मराठी रूपाबद्दलही कोणी सांगितले तर बरे होईल.

वाईचा मुद्रितशोधक

बाई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन्हींना त्याचा उपयोग होईल.

‘पॅलेस्टिनियन’ हे इंग्रजी रूप जसेच्या तसे आणलेले आहे. ते चूक नाही, पण विभक्ती लावताना ‘पॅलेस्टिनियनांना’ असे जड होते. ‘पॅलेस्टाईनी’ बोलण्यात येते. ‘फिलिस्तीनी’ हिंदी-उर्दूकडचे आहे. मी ‘पॅलेस्टिनी’ घेईन: इराणी, इराकी, इस्रायली यांच्या ओळीत ते बसते आणि ‘पॅलेस्टिनींचा’, ‘पॅलेस्टिनींना’ अशी रूपे सहज होतात. कोणतेही घ्या, संपूर्ण लेखात एकच ठेवा.

मराठीने येथे आपल्याला एक सोय करून दिली आहे. भूमीविषयी बोलायचे असेल तेव्हा ‘पॅलेस्टाईनचा’ किंवा ‘पॅलेस्टाईनमधील’ असे षष्ठीने किंवा स्थळवाचक रूपाने लिहावे, आणि त्या राष्ट्रसमूहाविषयी बोलायचे असेल तेव्हाच ‘पॅलेस्टिनी’ हे विशेषण वापरावे. त्यानुसार वाद्यवृंदाचे वाक्य ‘१९३६ साली तेव्हाच्या ब्रिटिश पॅलेस्टाईनमध्ये ज्यू संगीतकारांचा पॅलेस्टाईन ऑर्केस्ट्रा स्थापन झाला’ असे होईल. दंगलींचे वाक्य, त्या जर १९२० किंवा १९२९ च्या असतील तर, ‘पॅलेस्टाईनमधील अरब आणि ज्यू यांच्यातील दंगली’ असे करावे. जॉर्डनचे वाक्य आहे तसेच ठेवावे. कोयनाकाठच्या मित्रांनी त्याचा खुलासा केलेलाच आहे.

इस्रायलमधील अरब नागरिक त्या देशाच्या लोकसंख्येच्या सुमारे एक पंचमांश आहेत. हे १९४८ नंतर तेथेच राहिलेल्या लोकांचे वंशज. १९४९ च्या पहिल्या संसदेतही त्यांच्यातील तीन सदस्य निवडून आले होते, जरी त्या समाजावर १९६६ पर्यंत लष्करी प्रशासन होते. इस्रायली सरकार त्यांना ‘अरब नागरिक’ म्हणते. त्यांच्यातील अनेक जण स्वतःला ‘इस्रायलचे पॅलेस्टिनी नागरिक’ म्हणवतात. काही जण ‘इस्रायली अरब’ म्हणवून घेतात. आणि द्रुझ या छोट्या अरबीभाषक धर्मसमाजातील बहुतेक जण, ज्यांच्या पुरुषांना १९५६ पासून सक्तीची लष्करी सेवा आहे, स्वतःची ओळख वेगळी सांगतात. म्हणून सरसकट विधान करायचे असेल तर ‘अरब नागरिक’ हा शब्द सुरक्षित आहे, आणि विशिष्ट व्यक्तीविषयी लिहायचे असेल तर ती व्यक्ती स्वतःला काय म्हणवते ते पाहावे. विद्यार्थिनीने कोणा सदस्याचे नाव दिले नसेल, तर ‘इस्रायलच्या संसदेतील अरब सदस्य, ज्यांपैकी अनेक जण स्वतःला पॅलेस्टिनी मानतात’ असे वाक्य थोडे लांब झाले तरी चालेल.

७ ऑक्टोबरचे वाक्य मात्र बदलावेच लागेल. हल्ला हमास आणि तिच्याबरोबरच्या सशस्त्र गटांनी केला. हमास ही १९८७ मध्ये स्थापन झालेली संघटना आहे. तिने जानेवारी २००६ ची निवडणूक जिंकली आणि जून २००७ पासून गाझाचा ताबा घेतला, तर पश्चिम किनाऱ्यावरील प्राधिकरण फतह या प्रतिस्पर्धी पक्षाच्या हाती राहिले. एका संघटनेच्या कृत्याचा कर्ता म्हणून ‘पॅलेस्टिनींनी’ लिहिले की हैफातील शिक्षक, रामल्लातील पाद्री आणि चिलीतील दुकानदार हे सगळे त्या क्रियापदाचे कर्ते होतात. हाच निकष उलट बाजूलाही लावा: गाझावरील लष्करी कारवाईचा कर्ता ‘इस्रायलचे सरकार’ किंवा ‘इस्रायली सैन्य’ असावा, ‘ज्यू’ नव्हे. लेखात तसे कोठे झाले असेल तर तेही त्याच फेरीत दुरुस्त करून घ्यावे. मुद्रिते छपाईला जाण्यापूर्वी पाठवणार असाल तर मी एकदा नजर टाकीन.

सांगलीची शिक्षिका

सर, तसे दोन ठिकाणी झाले आहे. तिलाच बोलावून तिच्याच हातून बदल करून घेते. पुढच्या आठवड्यात मुद्रिते पाठवते.